चार नंबरचा हात

१

सकाळचा भोंगा झाला की थोरली हॉलमधले दिवे लावायची, डबा खिडकीत ठेवायची आणि सवयीने म्हणायची, "चला गं बायांनो!" म्हणायची आणि लगेच जीभ चावायची. बाया होत्या कुठे? बायांना कंपनीने केव्हाच घरी बसवलं होतं. आता पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे स्टुलं होती तिथे, हात होते. खांद्यापासून बोटांपर्यंतचे करड्या रबराचे हात, धड नाही की डोकं नाही; एका जागी दोन, पण जोडीला सगळे एक हातच म्हणायचे. त्यांना "चला गं" म्हणावं लागत नसे. बटण दाबलं की झालं.

कपबश्यांचा कारखाना होता तो, आणि हा त्याचा बांधणी हॉल. काम म्हटलं तर सोपं. पट्ट्यावरून कप येतो, तो उचलायचा, नखाने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर कागदात गुंडाळून खोक्यात घालायचा. बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा आहे. मग डाव्या हाताने त्याचा कान धरायचा आणि लोखंडी पिंपाच्या काठावर आपटून तिथल्या तिथे फोडायचा. बाजूला ठेवायचा नाही, मागाहून बघू म्हणायचं नाही. तडा गेलेला कप बायका घरी नेतील या भीतीने मालकाने घालून दिलेला नियम होता तो. नेला असता तरी मालकाचं काय घोडं मरणार होतं, पण नियम म्हणजे नियम.

मग एके दिवशी साहेब तारा लावलेले हातमोजे घेऊन आला. "काही नाही हो बायांनो, थोडे दिवस हे घालून काम करा. यंत्राला तुमच्या हाताची सवय शिकू द्या. पुढे कष्टाचं काम यंत्र करील, तुम्ही आरामात बसा." बाया खिदळल्या, मोजे घातले. साहेब शब्दाचा पक्का निघाला. सगळ्या आरामात बसल्या, आपापल्या घरी.

थोरलीने मोजे घातले नव्हते, कारण ती मुकादम, तिचं काम देखरेखीचं. यंत्राला देखरेख लागतेच, म्हणून ती उरली. तिची धाकटी जाऊ मात्र चार नंबरच्या स्टुलावर बसायची, ती गेली. एका घरातल्या दोघी जावा एकाच हॉलमध्ये म्हणून सगळा कारखाना त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणायचा. आता थोरली एकटीच डबा घेऊन निघायची, आणि निघताना धाकटीच्या डोळ्याला डोळा द्यायला तिला जड जायचं.

हॉलमध्ये मात्र सगळ्याजणी असल्यासारख्याच होत्या. प्रत्येक हाताची टिचकी, तो ज्या बाईकडून शिकला तिचीच. खिडकीजवळचा हात न थांबता टकटकटकटक वाजवायचा, ती रेडिओची टिचकी. रेडिओ म्हणजे एक बडबडी बाई, तिचं तोंड आणि नख दोन्ही कधी थांबत नसत. आणि चार नंबरचा हात दोनदा वाजवायचा, थांबायचा, मग एकदा. टक टक… टक. ही धाकटी. दर थोड्या वेळाने तो हात मनगट उचलून हवेतच काहीतरी मागे सारायचा. कपाळावर येणारी बट. कपाळ नव्हतं, बट नव्हती, पण हात सारायचा.

"जित्याची खोड," थोरली मेकॅनिकला म्हणाली.

"मावशी, मोज्यांनी सगळंच टिपलं ना. काम काय आणि केस काय, यंत्राला काय कळतं?" मेकॅनिक हसला. थोरलीलाही पटलं.

पण त्या दिवशी चार नंबरचा हात कप उचलताना अंगठा बाजूला धरत होता. जपून, दुखऱ्या माणसासारखा. थोरली बघतच राहिली. कारण धाकटीचा अंगठा किटलीच्या वाफेने भाजला होता तो काल संध्याकाळी, घरी. मोजे उतरवून तर कितीतरी महिने झाले होते.

२

"हात कसा आहे गं?" घरी आल्या आल्या थोरलीने विचारलं.

"आता बरा आहे." धाकटी कणीक मळत होती, भाजलेला अंगठा वर ठेवून. "दिवसा नुसता ओंडका असतो. दोन्ही हातांना ताकदच नाही, ताई. आज परत बाटली पडली."

हे नवीन नव्हतं. काम सुटल्यापासून धाकटीच्या हातून वस्तू पडत होत्या. डॉक्टर म्हणाला अशक्तपणा. शेजारीण म्हणाली मनाला लावून घेतलंय. धाकटी स्वतः म्हणायची, "कामाची सवय गेली की हातही रुसतात." थोरलीने तिला कधी मध, कधी मालिशचं तेल आणून दिलं होतं. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच ट्रकवर, महिना महिना रस्त्यावर. घरात या दोघी आणि धाकटीची चिमी. थोरलीला मूलबाळ नव्हतं, पण चिमी पोटची नाही याची तिला आठवण करून द्यावी लागली असती. रात्री पोरगी हिच्याच कुशीत झोपायची.

"काकू, बघ," चिमीने पाय पुढे केला. "बूट मीच बांधले. आईला येत नाही ना दिवसा, म्हणून मी शिकले." गाठ अशी घट्ट होती की सोडवताना थोरलीचं नख दुखलं.

"शहाणी गं माझी बाय!" थोरली म्हणाली, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "दिवसा म्हणजे कधी गं? सकाळपासून?"

"भोंगा झाला की," चिमी म्हणाली. "मग डबा खायच्या भोंग्याला आईचे हात येतात. मग परत जातात."

"काहीतरीच बोलते कार्टी," धाकटी हसली. पण तिने वर पाहिलं नाही.

थोरलीने स्वतःला बजावलं, की अशक्तपणा तो अशक्तपणा, आणि अंगठ्याचं म्हणशील तर रबर कडक झालं असेल. मन चिंती ते वैरी न चिंती. तिने चार घास जास्तच खाल्ले आणि एकही तिला लागला नाही.

३

दुसऱ्या दिवशी तेलाचा डबा आणायचं निमित्त काढून ती कामाच्या वेळात रेडिओच्या घरी गेली. दार लोटलेलंच होतं. रेडिओ पलंगावर बसली होती, मांडीवर शाल, दोन्ही हात शालीखाली.

"अगंबाई! वाट चुकलीस का काय? बैस. पाणी तुझं तूच घे, तिथे माठ आहे, पेला वरच्या फळीवर, नाही, ती नाही, दुसरी. मला मेलीला उठवत नाही. कशी आहेस? वाळलीस. ते साहेबाचं टक्कल वाढलं का?" रेडिओ बोलत सुटली. भाचीचं लग्न, मुलाची नोकरी, नळाचं पाणी. बोलता बोलता ती नाक वर-खाली करत होती, उशीवर घासून बघत होती, पण हात काही बाहेर काढत नव्हती. घरात रेडिओचा आवाज तेवढा होता. शालीखाली जे होतं ते इतकं निपचित होतं की थोरलीची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती.

"थंडी वाजते का गं?" थोरलीने विचारलं.

"अं? हो, थोडी." बाहेर रणरणतं ऊन होतं.

तेवढ्यात दुपारच्या जेवणाचा भोंगा झाला. कारखाना जवळच, भिंती थरथरल्या. आणि रेडिओचे दोन्ही हात शालीतून सपकन बाहेर आले. तिने आधी नाक खाजवलं, डोळे मिटून, जिवाच्या आकांताने. "सकाळपासून खाजतंय गं बाई!" मग घाईघाईने केस बांधले, पाणी प्यायली, ताट वाढून घेतलं. जेवणाची सुट्टी फार मोठी नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.



"तुझ्या धाकटीचंही असंच का?" रेडिओने घास तोंडात असतानाच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू बोलली. "साहेबाला काही बोलू नकोस हं. संध्याकाळी परत तरी देतात. बोललीस आणि तेही बंद झालं म्हणजे?"

थोरली तेलाचा डबा न घेताच परतली. वाटेत तिने स्वतःला पन्नास कारणं दिली. रेडिओ पहिल्यापासून नाटकी. घरात बसून डोकं फिरतं माणसाचं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, तसलंच हे. पण हॉलमध्ये आली तेव्हा भोंगा नुकताच झाला होता, आणि खिडकीजवळचा हात टकटकटकटक वाजवत होता. बोटांच्या टोकाला रबरावर काहीतरी ओलं चकाकत होतं. तिने वास घेतला. भाजीचा रस्सा होता तो.

४

"बाई, सोमवारी तुमचा नंबर," साहेब म्हणाला.

"कसला?"

"मोज्यांचा. शेवटच्या तपासणीचा हात बसवायचाय. बांधलेल्या खोक्यातून एखादा कप काढून तुम्ही परत वाजवता ना, ते." त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, सामान मोजून घेताना बघतात तसं. "नको असेल तर सांगा. जबरदस्ती नाही. मग मुकादमाची जागाही तशी राहत नाही."

थोरली "बघते" म्हणाली. दोन्ही नवऱ्यांचा ट्रक हप्त्यावर, धाकटी घरी, आणि घर चालत होतं ते हिच्या हातावर. हे सगळं खरं. पण त्या क्षणी तिच्या मनात धाकटी होती. तिचा हिशोब साधा होता. यंत्राचा हात चालतो तेव्हा बाईचा हात मरतो. जेवणाच्या सुट्टीत यंत्र थांबतं तेव्हा बाईचा हात येतो. मग चार नंबर कायमचाच बंद केला तर?

दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला गेलेला बघून तिने चार नंबरच्या खालचं लाल बटण दाबलं. हात बट सारायला निघाला होता, तो तसाच अर्ध्यात थांबला आणि लटकला. बाकीचे हात वाजवत राहिले. पट्टा चालू राहिला. चार नंबरसमोरून कप न वाजवता पुढे जायला लागले.

"बिघडलाय," तिने मेकॅनिकला सांगितलं. "आज राहू दे बंद. आणि मला अर्धा दिवस सुट्टी हवी."

घरी जाताना तिची पावलं जमिनीला लागत नव्हती. धाकटी आत्ता आपले हात बघत असेल, चिमीची वेणी घालत असेल. आपल्या एका बटणाने हे झालं, या आनंदात तिने वाटेत चिमीसाठी एक फुगाही घेतला.

जेवणाच्या सुट्टीत सगळाच पट्टा थांबतो, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आता पट्टा चालू होता आणि एक जागा रिकामी होती.

५

दार उघडंच होतं. आतून आवाज येत होता. टक टक… टक.

थोरली उंबऱ्यातच थबकली. भिंतीशी चपला ओळीने ठेवल्या होत्या, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली. शेजारी कंगवा, गुंडाळलेला. भिंतीवरचं घड्याळ खाली, गुंडाळलेलं, आत टिकटिक करत. मग कागद संपला असावा, कारण पुढच्या वस्तू चिमीच्या चित्रकलेच्या वहीच्या पानांत होत्या, आणि त्याच्या पुढच्या फाडलेल्या चादरीत. किती व्यवस्थित बांधलं होतं सगळं! कोपरे दुमडून, थोरलीनेच शिकवलं होतं तसं.

टक टक… टक. मग खळ्ळकन काहीतरी फुटलं.

स्वयंपाकघरात ओट्याच्या खाली काचांचा आणि चिनी मातीचा ढीग होता. धाकटी ओट्याला टेकून उभी होती. तिचा चेहरा रडून रडून सुजला होता आणि हात काम करत होते. एकदा मनगटाने तिची बट मागे सारली, ती हॉलमध्ये अर्ध्यात राहिलेली.

"ताई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझ्याच्याने थांबत नाहीत गं. किती ओढले मी. थांबतच नाहीत."

ओट्यावर चिमी बसली होती. गळ्यापर्यंत चादरीच्या पट्ट्यांत गुंडाळलेली. तिला तो खेळ वाटत होता की नाही, कोण जाणे. चेहरा हसण्याच्या आणि रडण्याच्या मधे कुठेतरी होता.

"काकू, आई मला खोक्यात घालणारे," ती म्हणाली. तिचं कपाळ एका जागी लाल झालं होतं.

धाकटीचं नख त्या जागेवर आलं. टक टक… टक. आणि धाकटीची मान झुकली. ती मान कोणी झुकवली हे थोरलीला पुढेही कधी कळलं नाही. धाकटीने कान दिला.

माणसाचं डोकं बद्दच वाजतं. दुसरं कसं वाजणार?

डावा हात उठला. दोन बोटांत चिमीचा कान धरला, अगदी हलकेच, कपाचा धरतात तसा, आणि तिचं डोकं ओट्याच्या दगडी कडेकडे वळवलं.

थोरलीने झडप घातली. पोरीला ओढून छातीशी धरलं, फुगा कुठे गेला तिला कळलंही नाही. रिकामे झालेले ते दोन हात हवेत चाचपत तिच्याकडे यायला लागले. मागे सरकत तिने कसाबसा फोन लावला.

"मावशी? काय झालं?"

"चार नंबर चालू कर!"

"अहो, तुम्हीच म्हणालात बिघडलाय…"

"तुझ्या पाया पडते रे बाबा, चालू कर!"

नख थोरलीच्या कपाळावर टेकलं. थंड होतं. टक. टक. मग ते थांबलं, आणि राहिलेली एक टिचकी तिला ऐकू आली ती फोनमधून, हॉलमधली. धाकटीचे हात खाली पडून लोंबायला लागले. फोनमधून बट सारण्याचा आवाज येत नव्हता, पण थोरलीला तो हात दिसत होता.

६

सोमवारी थोरलीने मोजे घातले. नाही घातले तर जागा गेली, आणि जागा गेली तर चार नंबर चालू आहे की नाही ते कोण बघणार? थोड्याच दिवसांत हॉलच्या टोकाला आणखी एक हात बसला. एकच टिचकी मारून बराच वेळ कान देणारा. आता भोंगा झाला की थोरलीचे हात मांडीत पडायचे. ती स्टुलावर बसून नुसती बघायची. बटण दाबायची वेळ आली तर कोपराने दाबायची. देखरेखीला डोळे लागतात, हात कुठे लागतात? मेकॅनिकने एकदा तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि पुढे तो हॉलमध्ये यायचंच टाळायला लागला.

संध्याकाळी हात परत यायचे. दोघी जावा मग घाईघाईने सगळं करून घ्यायच्या. स्वयंपाक, धुणं, चिमीची वेणी. सवय होते माणसाला. थोरलीला वाटायचं, चालतंय तोवर चालतंय.

मग साहेब नवीन यंत्राची बातमी घेऊन आला. खुशीत होता. "प्रकाशाने तडा ओळखतं, बाई! टिचकी नाही, कान नाही, काही नाही. पट्टा हाच राहणार, एका टोकाने कप आत, दुसऱ्या टोकाने खोकी बाहेर. हातच नाहीत त्याला."

"आणि हे?" थोरलीने विचारलं.

"हे भंगारात. महिनाअखेरीला गाडी येईल. तुमचंही तेव्हाच. इतकी वर्षं चांगली साथ दिलीत."

"बंद करून नेणार?"

"आता चालू कसे नेणार?" साहेब हसला.

"सगळे?"

"सगळे."

थोरलीने हॉलभर नजर फिरवली. खिडकीजवळची टकटकटकटक, पलीकडची जड टिचकी, अलीकडची घाईची. प्रत्येक हाताचं एक घर होतं. रेडिओच्या घरात मुलाचं लग्न व्हायचं होतं. पलीकडच्या बाईला आठवड्यापूर्वीच नातू झाला होता.

संध्याकाळी धाकटी चिमीचे केस विंचरत होती. थोरलीने पोरीला बाहेर खेळायला जायला सांगितलं, पण ती दारातच बुटांशी खेळत बसली. थोरलीने मग हळू आवाजात सगळं सांगितलं.

धाकटीचा चेहरा आधी उजळला. "म्हणजे आपले हात आपल्याला परत…" आणि मग तिला तो ओटा आठवला. कंगवा तिच्या हातात तसाच राहिला.

"चिमीला तिच्या मामाकडे धाडू," ती शेवटी म्हणाली. "गाडी यायच्या आधी."

"धाडू."

"पण आपण दोघी? ताई, मी तुझ्या कपाळाला…"  ती उठली, माळ्यावरून कपडे वाळत घालायची दोरी काढून आणली आणि थोरलीपुढे ठेवली. चांगली जाड, नवीन दोरी होती.

"तुझे मी बांधीन," थोरली म्हणाली. "आदल्या संध्याकाळी. पक्के."

"आणि तुझे?"

थोरलीने आपल्या हातांकडे पाहिलं.  बाहेर कोणाच्या तरी घरात भांडी लावल्याचा आवाज येत होता, आणि दोघीही नकळत कान देत होत्या.

"मी बांधीन की, काकू," चिमी दारातून म्हणाली. "मला गाठ येते."